समोरच्या वाफ्यातली रुई

कॉमन प्लॉटमध्ये पक्ष्यांसाठी आणि फुलपाखरांसाठी बाग करायची, ही कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या सोसायटीत आता ते कोणाला आठवत नाही.

आम्ही बडोद्यात समा भागात राहायला आलो तेव्हा आमच्या मागच्या भिंतीपलीकडे शेतं होती. सकाळी दात घासताना गच्चीवर मोर दिसायचा. मग एकेक करून सोसायट्या उठल्या आणि मी शाळेतून निवृत्त होईपर्यंत पक्षी म्हणून फक्त कबुतरं उरली. बडोद्यात प्रत्येक सोसायटीला एक कॉमन प्लॉट असतो. त्यात लग्नाचे मांडव पडतात, नवरात्रात गरबा होतो आणि उरलेलं वर्षभर लोक गाड्या लावतात. वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि सलग पंधरा मिनिटं गुजरातीत बोलले. मधली जागा गरब्यासाठी सोडायची, कडेनं प्रत्येक घराला एक वाफा द्यायचा आणि त्यात फक्त चिमण्यांच्या, मधमाश्यांच्या, फुलपाखरांच्या उपयोगाचं लावायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यजमान घरी येऊन म्हणाले, "तू बोललीस छान, पण वर्गात उभी असल्यासारखी बोललीस."

असेन. तीस वर्षं मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. शिवाय यांचे आजोबा संस्थानच्या बागखात्यात होते. त्यांची पगडी घातलेली तसबीर आमच्या दिवाणखान्यात आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही. बागेतलं आम्हाला कळतं, असं आमच्या घरात गृहीतच असतं.

चिठ्ठ्या टाकून वाफे वाटले. माझ्या समोरचा वाफा आला समोरच्याच बंगल्यातल्या बाईंना. ती मूळची पादरा गावाकडची, भाजी पिकवणाऱ्या घरातली, लग्न होऊन शहरात आलेली. मी तिला बेन म्हणायची, ती मला ताई म्हणायची. माझ्याशी बोलताना ती हट्टानं मराठी बोले. ते मराठी टीव्हीवरच्या मालिकांतून आणि आम्हा दोघींकडे येणाऱ्या भांडीवालीकडून जमवलेलं होतं. शाळा सातवीपर्यंत. हे मी सांगते आहे ते तिला कमी लेखायला नव्हे, असं लिहायला मला आवडलं असतं. पण कमी लेखायलाच सांगते आहे. त्या दिवसांत मी मनातल्या मनात हे रोज एकदा तरी म्हणत असे.

माझा वाफा बघण्यासारखा होता. वहीत आखणी करून, उंचीप्रमाणे ओळी लावल्या होत्या. पुढे सदाफुली, मग झेंडू, मागे जास्वंद, कोपऱ्यात लिंबाचं रोप. प्रत्येकापाशी पाटी, पाटीवर मराठी, गुजराती आणि लॅटिन नाव. वाळलेलं पान मी अर्धा तास पडू देत नसे. पानावर डाग दिसला की कडुलिंबाचा फवारा.

बेनच्या वाफ्याला वाफा म्हणणं म्हणजे जंगलाला परसबाग म्हणणं. तिनं एका कडेला बाजरीचे दाणे फेकले, एका कडेला तुळस आणि मोहरी. बाकी जे उगवेल ते उगवू दिलं. मध्येच रुई उगवली. गुजरातीत तिला आंकडो म्हणतात. कोणी मुद्दाम लावत नाही, पडीक जागेत उकिरड्यापाशी आपोआप येते, तीच. जाड, राखी-हिरवी पानं, तोडली की पांढरा चीक. मी तिला म्हटलं, "बेन, ही काढून टाका, हे तण आहे." ती म्हणाली, "राहू द्या ने ताई. ती कुठे आपल्याकडे खायला मागते?"

पावसाळा संपला आणि लोक सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकायला लागले. कोणाच्या वाफ्यात काय दिसलं, हे टाकायचं. ही कल्पनाही माझीच. पहिला फोटो बेनच्या बाजरीवर लटकलेल्या इवल्या मुनिया पक्ष्यांचा. दुसरा तिच्या तुळशीवरच्या मधमाश्यांचा. तिसरा तिच्या मोहरीवर लोळणाऱ्या पांढऱ्या फुलपाखरांचा. मग तिच्या वाफ्याच्या कडेला जी मोठ्या पानांची वेल चढली होती, तिची दोन पानं शिंप्यानं शिवावी तशी शिवून शिंपी पक्ष्यानं घरटं केलं, आणि ग्रुपवर नुसता पूर आला. माझ्या वाफ्याचा एक फोटो आला होता. त्यात माझी पाटी दिसत होती आणि पाटीवर बसलेलं कबूतर.

मला जळफळाट होत असे, हे सरळ सांगते. सकाळी सहाला मी हातात चहाचा कप घेऊन वाफ्यापाशी उभी राहायची आणि नजर समोर असायची. एखादं फुलपाखरू माझ्या झेंडूवर टेकलं की मी श्वास रोखायची. ते दोन क्षण बसायचं आणि उठून समोर जायचं. परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटायचं. यजमान म्हणायचे, "अगं, त्याला काय माहीत तू शिक्षिका होतीस ते!"

एकदा बेन माझ्या लिंबाच्या रोपापाशी वाकली आणि हळहळली. "ताई, आजही धुतलात?" लिंबाच्या पानांवर पक्ष्यांची घाण पडलेली असायची, ती मी रोज पाण्याच्या झोतानं धुऊन काढायची. ती म्हणाली, "ती घाण नाही. इयळ आहे." इयळ म्हणजे अळी. लिंबावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिला खात नाहीत. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वर्गात शिकवलंही होतं, फळ्यावर चित्र काढून. आणि दोन महिने मी रोज सकाळी पाइप घेऊन त्यांना धुऊन गटारात पाठवत होते. पक्षी फसले नसते इतकी मी फसले. त्याहून वाईट म्हणजे मला ते तिनं सांगितलं.

फेब्रुवारीच्या सुमारास तिच्या रुईवर केशरी फुलपाखरं यायला लागली. काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके. त्याचं लॅटिन नाव मला येतं, त्याची मादी रुईच्या पानाखाली एकेक अंडं घालते हेही येतं. माझ्याकडे रुई नव्हती, कारण मी तिला तण म्हटलं होतं. आता लावायची म्हणजे सगळ्यांदेखत नाक कापून घेणं. चैत्र लागेपर्यंत त्या झाडावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या झाल्या. पाठीवर काळी शिंगं. सोसायटीतले लोक ऑफिसला जाताना स्कूटर थांबवून बघायचे. बेननं रुईला सुतळी बांधून त्यावर पुठ्ठा लटकवला होता. पान तोडू नका, असं गुजरातीत लिहिलेलं. अक्षर वेडंवाकडं होतं.

ते लिहिण्याचं कारण होतं. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. आमच्या नाक्यावर मारुतीचं देऊळ आहे आणि आजूबाजूची पडीक जागा सगळी बांधून झाल्यामुळे रुई मिळेनाशी झाली होती. यजमानसुद्धा दर शनिवारी माळ घालणारे. ते बिचारे विकतची माळ आणायचे. बेनच्या रुईचं एक पान त्यांनी कधी तोडलं नाही.

चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, म्हणजे हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी मी फाटकापाशी उभी होते. देवळातल्या भजन मंडळाच्या मुख्य बाई दोघीतिघींना घेऊन चालल्या होत्या, हातात रिकाम्या पिशव्या. उद्या एकशे आठ पानांच्या माळा करायच्या होत्या आणि दुपारपासून फिरूनही पानं मिळाली नव्हती. त्यांनी मला विचारलं, "बेन, आंकडानां पान क्यां मळशे?" रुईची पानं कुठे मिळतील?

मला माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं. गोरव्याकडे जा, असंही म्हणता आलं असतं. तिकडे कारखान्यांच्या भिंतींच्या कडेला रुई माजलेली असते, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "अमारा कॉमन प्लॉटमां छे ने. जमणी बाजु, पांचमो क्यारो." उजव्या हाताचा पाचवा वाफा. एवढ्यावर थांबले असते तरी नजरचूक म्हणता आली असती. पण पुठ्ठा आठवला म्हणून पुढे म्हणाले, "धरमना काममां कोण ना पाडे?" धर्माच्या कामाला नाही कोण म्हणणार?

मग मी घरात आले आणि भाजी चिरायला बसले. फार दिवसांनी स्वस्थ वाटत होतं. ही गोष्ट मला आजही विसरता येत नाही.

सकाळी रुई म्हणजे चार काठ्या उभ्या होत्या. पुठ्ठा सुतळीला तसाच लटकत होता. बायकांनी पानं तोडताना अळ्या झटकून टाकल्या होत्या. किड्यांची माळ देवाला कशी घालणार? काही पायाखाली गेल्या, काही मुंग्यांनी धरल्या. यजमान देवळातून आले ते म्हणाले, "आज मारुती गळ्यापर्यंत झाकला आहे. एवढी पानं आली कुठून कोण जाणे." मी म्हटलं, "असतील कुठून तरी."

दहाच्या सुमारास बेल वाजली. दारात बेन, हातात स्टीलचा डबा, त्यावर मलमलचं फडकं दोऱ्यानं बांधलेलं. मला वाटलं, आता भांडण. मी मनात वाक्यं जुळवायला घेतली. देवाचं काम, सार्वजनिक जागा, रुई काही कोणाच्या बापाची नाही.

ती म्हणाली, "ताई, नऊ वाचल्या. मातीतून वेचल्या. माझ्याकडे शुक्रवारी पोरीचं सीमंत आहे, घर महेमानांनी भरलंय, लक्ष कोण देणार? तमे तो भणेला छो. शिकलेल्या तुम्ही, तुम्हीच सांभाळा." सीमंत म्हणजे आपल्याकडचं डोहाळजेवण. डबा माझ्या हातात देऊन ती निघूनही गेली. फडक्याखाली काहीतरी हळूच वळवळत होतं.

यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून त्या भर उन्हात मी गोरव्याला गेले. कारखान्यांच्या मागच्या भिंतीशी, लोखंडाच्या कचऱ्यात, पुरुषभर उंच रुई होती. मी पानं तोडत होते, चीक मनगटापर्यंत ओघळत होता. एक वॉचमन आला आणि विचारता झाला, "हनुमानजी माटे, बेन?" हनुमानासाठी का? मी हो म्हटलं. चोवीस तासांत दुसऱ्यांदा मी देवाला पुढे केलं. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी पुढे धरली. त्यांना तोपर्यंत बहुधा कळलं होतं.

पुढचे बारा-तेरा दिवस मी अळ्यांची आया झाले. बुटांचं खोकं, वर मच्छरदाणीचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ ताजं पान. रोज सकाळी खाली कागदावर पडलेली काळी विष्ठा झाडायची. अळी इतकं खाते हे मला माहीत होतं, पण एवढं मोठं पान संध्याकाळपर्यंत शिरांसकट संपलेलं पाहिलं की मी थक्क व्हायची. एक अळी तिसऱ्या दिवशी मेली. तिला कुंडीत पुरताना मला जे वाटलं ते दुःख होतं की हिशेब चुकल्याची भीती, हे मला सांगता येणार नाही. बेन जाता-येता फाटकातूनच विचारायची, "केम छे छोकरां?" पोरं कशी आहेत? आणि मला राग यायचा. खायला मी घालायचं, उन्हातान्हात गोरव्याच्या खेपा मी करायच्या, आणि पोरं तिची.

आठ कोष झाले. खोक्याच्या झाकणाला उलटे लटकलेले, कोवळ्या शेंगेसारखे हिरवे. एक काळा पडून वाया गेला. आठवड्यानं एका सकाळी बाकीच्यांतून केशरी रंग दिसायला लागला. दोन दिवसांत सात फुलपाखरं बाहेर आली. पंख ओले, चुरगळलेले, मग हळूहळू ताणले गेलेले. मी त्यांना गॅलरीच्या कठड्यावर ठेवत होते आणि बेन खाली रस्त्यावर उभी राहून फोटो काढत होती. तिनंच ग्रुपवर टाकलं: ताईंच्या घरी सात पतंगिया जन्मले.

अभिनंदनाचे संदेश संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. जी माणसं फाटकात भेटली तरी मान हलवत नसत, तीही वर बघून हात जोडू लागली. वर्षभर मला हवं होतं ते हेच. दोन दिवस मी फोन खाली ठेवला नाही. तिनं माझं नाव लावलं होतं आणि मी ते लावून घेतलं.

मग चेअरमन घरी आले. येत्या रविवारी सभा होती. सोसायटीतर्फे माझा सत्कार करायचा होता, शाल आणि श्रीफळ. "आणि ताई," ते म्हणाले, "ते देवळातलं भजन मंडळही बोलावलंय. सुरुवातीला एक भजन गातील."

त्या बाई मला ओळखणार. "हां, आ ज बेने अमने पान बताव्यां हतां," याच बाईंनी आम्हाला पानं दाखवली, असं माइकसमोरसुद्धा म्हणतील, कौतुकानंच म्हणतील. दोन रात्री मी तळमळले आणि शनिवारी दुपारी समोरच्या घरी गेले. हे मला पश्चात्ताप झाला म्हणून, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मी घाबरून गेले. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं, एवढाच विचार होता.

बेन ओट्यावर बसून गवार मोडत होती. सीमंत होऊन गेलं होतं, पाहुणे गेले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. भजनवाल्या बायकांना वाफा मी दाखवला. पुठ्ठा आहे हे माहीत असून दाखवला. मुद्दाम.

ती गवार मोडत राहिली. "मने तो ते ज दिवसे खबर पडी गई हती," ती म्हणाली. "मी देवळात विचारायला गेले ने, तर त्या बेननंच सांगितलं, ती समोरवाळी टीचर फार सारी आहे, तिनंच दाखवलं." सारी म्हणजे चांगली.

"त्याच दिवशी? म्हणजे डबा घेऊन आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ने."

"मग बोलला का नाहीत?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कोणी अगदी सोपं गणित चुकलं की मी पाहायची तसं. "ताई, मी भांडले असते तर तुम्ही पण भांडला असता. मग दार लावून बसला असता. गोरव्याला पानं आणायला कोण गेलं असतं?" तिनं गवारीचे देठ बाजूला सारले. "नऊ जीव होते. मला त्यांना जगवायचं होतं. तुमच्याशी भांडून मला काय मिळणार?"

"आणि तो फोटो? माझं नाव?"

"वाढवले तर तुम्हीच ने," ती म्हणाली. "चा मूकुं?" चहा टाकू का?

मी नको म्हटलं आणि निघाले. रस्ता ओलांडायला वीस पावलं लागतात, ती मला फार लांब वाटली. वर्षभर मी त्या बाईच्या मुनियांचा, मधमाश्यांचा, शिंप्याच्या घरट्याचा हेवा केला होता. आणि तिला त्या सगळ्यात स्वतःचं असं काही दिसतच नव्हतं. तिला फक्त अळ्यांना पान मिळतंय की नाही, तेवढं दिसत होतं. फुलपाखरांचा हेवा मला परवडला असता. रुई लावली असती की झालं असतं. पण हे कुठल्या वाफ्यात लावतात?

यजमान दारातच उभे होते. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"फार चिडली?"

"चिडली नाही," मी म्हटलं. "चिडली असती तर बरं झालं असतं हो. भांडलो असतो, तर निदान बरोबरीच्या तरी झालो असतो."